घागरकोंडचे आडवे खांब

१४ सप्टेंबर १९८६

बालवाडीच्या प्रशिक्षणाला रत्नागिरीला गेले होते तेव्हा तिथल्या बाईंनी बजावलं होतं, रोज दैनंदिनी लिहायची. ती मी लिहिते. 'मुलांना गाणे शिकविले. हात धुण्याचे महत्त्व सांगितले.' संपलं. सुपरवायझर बाई येतात, सही करतात, चहा पितात आणि जातात. पण आज जे झालं ते त्या वहीत लिहिलं तर माझी बालवाडी जाईल, म्हणून ही दुसरी वही काढली. हिच्यावर कोणाची सही नको.

आमच्या वाडीच्या तोंडाशी, एस.टी. थांबते तिथे, वीज बोर्डाचे सिमेंटचे खांब पडलेत. चार वर्षं झाली. निवडणुकीच्या आधी ट्रकातून आणून टाकले, वाडीत खुंट्या ठोकून गेले, मग ना कोणी आलं ना तार आली. आता त्या खांबांवर बायका आमसुलं वाळवतात आणि म्हातारे एस.टी.ची वाट बघत बसतात. आज बाजारातून येऊन उतरते तो आप्पांची माणसं टेप लावून खांब मोजतायत. आप्पा म्हणजे खालच्या गावचे हापूसवाले बागायतदार, पंचायत समितीवर असतात. स्वतः छत्री टेकून उभे. मी विचारलं, कशाला मोजताय? म्हणाले, अगो, हरवायला नकोत. मी म्हटलं, चार वर्षांत कुशीवर वळले नाहीत ते आता कुठे हरवतायत? एस.टी.तली माणसं हसली. आप्पा हसले नाहीत.

माझं माहेर हेदवीचं. तिथे दिवे आले तेव्हा मी सातवीत होते. लग्न होऊन इथे आले ती परत रॉकेलच्या धुरात. धाकटीचं नाक सकाळी बघावं, आत काजळी. मला चीड येते ती याची, की इथे सगळ्यांना त्याची सवय झाली आहे.

हे गणपतीला आले होते ते पाच दिवसांनी मुंबईला गेले. या खेपेस ट्रंक इथेच ठेवली. जड होते म्हणाले. येताना जड झाली नाही, जाताना झाली. माळ्यावर जागा अडवून बसली आहे. आणि वर मला सांगून गेले, आप्पांच्या वाटेला जाऊ नको. म्हणजे मी जाते. ते आमच्या वाटेवर येऊन उभे राहतात त्याचं काही नाही.

२१ सप्टेंबर

आज वाडीत एक नवीन माणूस आला. चिंतामणी आठल्ये, रत्नागिरीचे, चष्मेवाले, किडकिडीत. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यावर वीज करायचं यंत्र त्यांच्या संस्थेने बनवलंय, ते एकाच ठिकाणी लावून बघायचं आहे. आमचा पऱ्ह्या कातळावरून खाली पडतो ती जागा पाहून त्यांचा चष्माच ओला झाला. म्हणाले, पाणी वरून पाइपात घ्यायचं, खाली चक्र फिरवायचं, चक्रावर डायनॅमो. संध्याकाळी घरटी दोन दिवे, दिवसा भात भरडायची गिरण. पावसापासून शिमग्याच्या आसपासपर्यंत चालेल, मग पाणी आटतं तेव्हा बंद. पाणी तेवढंच्या तेवढं परत पऱ्ह्यात.

एकच घोडं अडतं. बांध घालावा लागेल तो वर, वाघजाई देवीच्या राईत. आणि त्यांच्याकडे लांज्याकडचं आणखी एक गाव आहे. दिवाळीपर्यंत आमचं हो आलं नाही तर यंत्र तिकडे जाईल.

संध्याकाळी देवळापुढे सगळे जमले. आप्पांना बोलावलं नव्हतं तरी आले. बोलले मात्र गोड. म्हणे हे खेळणं घेतलंत की सरकारी कागदावर लागेल, घागरकोंडात वीज आहे. मग खांब गेले तुमचे कायमचे. मीच बोलले. म्हटलं, आप्पा, खांब काय आता दिवे देतायत?

मग भागोजीबाबा बोलले. ते वाडीचे गावकार, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. म्हणाले, राईतली गोष्ट हाय, देवीला विचारू. आप्पांनी लगेच मान डोलावली, कौल घ्याच म्हणाले.

मला उलट आनंद झाला. देवी कशाला नाही म्हणेल? मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की पहिला बल्ब वाघजाईच्या गाभाऱ्यात, मग आमच्या घरात. लोकांना पटलं. काशीराम गुरव समईची वात सारत होता, त्याने वर पाहिलं नाही. त्याची बायको सखू बायकांत बसली होती, तिने विचारलं, रातभर जळंल काय गो तो? तेल नाय लागनार? मी म्हटलं, थेंब नाही. बिचारी, कधी दिवा बघितलेला नाही ना.

२ ऑक्टोबर

कौल डावा.

काशीरामने देवीच्या दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. भागोजीबाबांनी गाऱ्हाणं घातलं, पहिला दिवा तुझ्या गाभाऱ्यात लावू हे पण सांगितलं. मागून सगळे "होय महाराजा" म्हणाले. वाट बघितली. डावी पाकळी सुटली आणि खाली आली. म्हणजे नाही.

बाया भांडी घासायला पऱ्ह्यावर गेल्या, त्याच पाण्यावर. मला तर रडूच आलं. आणि रडू आलं याचा राग आला.

५ ऑक्टोबर

विचार केला. देवी मोठी, एक बल्ब तिला कमी वाटला असेल. गाभाऱ्यात एक, सभामंडपात नळीवाली ट्यूब, दीपमाळेवर एक आणि नवरात्रात माळ, असं कबूल करायचं ठरवलं. आठल्ये साहेबांना निरोप पाठवला की पुन्हा विचारतो, यंत्र हलवू नका. काशीरामच्या घरी मुद्दाम जाऊन सांगून आले, आता देऊळ असं उजळेल की समई शोधावी लागेल. सखूने मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

१९ ऑक्टोबर

पुन्हा डावा. आणि या वेळी वाट बघायलासुद्धा लावली नाही, गाऱ्हाणं संपायच्या आत पाकळी खाली.

खाली उतरताना आप्पांचा गडी भेटला. त्याला आधीच कळलं होतं. म्हणाला, हौसावैनी, देवीलाच नको तर तुम्हाला कशाला पायजे? मी त्याला जे बोलले ते या वहीतसुद्धा लिहिणार नाही.

परत देवळात गेले. एकटीच. देवीला सांगितलं, तुला अंधारात बसायचं तर बस. मला पोरं शिकवायची आहेत. तू बाईच ना, मग बाईचं ऐक जरा.

घरी येऊन बघते तो गोडेतेलाची बाटली अर्ध्यावर. मी ओतलं नाही. आये म्हणते, मांजराने सांडलं. आये म्हणजे माझी सासू, येसूबाई. आमचं मांजर आता बुचं पण उघडायला लागलं वाटतं.

२६ ऑक्टोबर

आज सकाळी भात कापताना मी सारखी बडबडत होते. देवीचं काय अडलंय, ट्यूब दिली, माळ दिली, आणखी काय देऊ. आये बांधावर बसून पेंढ्या बांधत होती. तिने हातातली पेंढी खाली ठेवली.

"देवीचा काय नाय अडलेला," म्हणाली. "दर अवसेला घरटी पळीभर तेल जाता ना काशीरामाकडं, नंदादीपाला? देवी किती जाळता आनि त्याच्या पोरांच्या फोडणीला किती जाता, ता वाडीला म्हायत हाय. कोन बोलत नाय. तू दोनदा सांगितलंस, आता थेंब लागायचा नाय. वर त्याच्या घरात जाऊन सांगितलंस."

मी कापायची थांबले.

पण मग भडकलेच. इतके आठवडे मी देवीशी भांडते आहे आणि सगळ्यांना माहीत होतं? मग मला बोलायला काय झालं होतं? आये म्हणाली, देवाच्या तेलाचा कोन बोलून दाखवता काय? मी म्हटलं, मी हेदवीची आहे, मला कसं कळणार? तुम्ही आल्याच दिवशी सांगायचं. तर म्हणते, मला वाटला तू हुशार हायस.

दिवसभर काशीरामचा राग राग केला. एका माणसाच्या फोडणीसाठी सगळ्या वाडीने अंधारात बसायचं? संध्याकाळी कंदिलाची काच पुसताना मनात आलं, त्याला ना शेत ना मुंबईला कोणी. त्याच्या ताटातलं मी काढलं आणि वर त्याने खूश व्हावं अशी माझी अपेक्षा. राग गेला नाही. पण काशीरामवरचा माझ्यावर आला.

२९ ऑक्टोबर

भागोजीबाबांच्या मागे लागून पुन्हा देवळात सगळ्यांना जमवलं. तिसऱ्यांदा विचारायचं म्हणजे देवीला दरडावल्यासारखं होतं, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, आधी आपणच विचारायला चुकलो. गाऱ्हाण्याचे शब्द मी त्यांच्याकडून सकाळीच पाठ करून घेतले. बाईने गाऱ्हाणं घालायचं नसतं, पण शिकवू नये असं कुठे आहे?

भागोजीबाबा उभे राहिले. "आई वाघजाई, तुझ्या गाभाऱ्यात तार शिरणार नाय. तुझा दिवा तेलाचाच ऱ्हाईल, आमच्या नातवंडांच्या काळात पन. घरटी तेल चालत आला तसा चालेल, आनि ज्या घरात ईज येईल त्या घरचा रॉकेल वाचेल, म्हणून त्याने पळी वाढवून द्यावी. ह्या लेकरांना ईज घेऊ दे."

होय महाराजा.

काशीरामने पाकळ्या लावल्या. बोट तांब्यात किती बुडवलं, कुठली पाकळी किती दाबली, ते मी बघितलं नाही. मी त्याच्या पायांकडे बघत होते. टाचांना भेगा आहेत, माझ्यासारख्याच. उजवी पडली.

आल्यावर सखूने मला हाक मारून घावन दिलं. आयेसाठी पण एक दिलं आणि म्हणाली, म्हातारीला सांग, बाटली धुऊन ठेवलीय, न्यायला ये. कसली बाटली कोण जाणे.

१४ नोव्हेंबर

दिवाळी गेली. बांधाचं काम चालू आहे. राईत कुऱ्हाड लावायची नाही, म्हणून साहेबांनी पाइपाची वाट दोनदा बदलली. घरटी एक माणूस येतो, बहुतेक बाईच, पुरुष आहेत कुठे. डोक्यावर वाळू वाहून मान मोडली. आप्पांनी सुपरवायझर बाईंना काहीतरी सांगितलं असावं, त्यांनी येऊन विचारलं की बालवाडी सोडून दगड वाहता का? मी म्हटलं, बालवाडी साडेदहापर्यंत. त्यानंतर मी दगड वाहीन नाहीतर डोक्यावर घेऊन नाचेन. त्यांनी सही केली. चहा मात्र घेतला नाही.

७ डिसेंबर

लागला.

संध्याकाळी साहेबांनी वरून पाणी सोडलं. पाइप आधी खोकला, मग चक्राने आवाज धरला. आम्ही सगळी आपापल्या पडवीत बल्बाकडे माना वर करून उभी. आधी तांबडी तार दिसली, मग पिवळी, मग बघवेना.

आये ओरडली नाही की नमस्कार केला नाही. वर वाशांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढी कोळिष्टकं होती काय गो घरात?" दुसऱ्या कशाकडे तिचं लक्षच नाही. केरसुणी घेऊन लागलीच उठली. सगळ्या वाडीत तेच चाललं होतं, प्रत्येक घरातून झाडल्याचा आवाज. इतकी वर्षं आम्ही कशात राहत होतो ते दिसलं.

मी धाकटीला दिव्याखाली बसवून बाराखडी गिरवली. मग परसात जाऊन रडले. आज रडल्याचा राग आला नाही.

१६ डिसेंबर

काल संध्याकाळी सगळ्या वाडीचे दिवे विडीच्या टोकाएवढे झाले. साहेब रत्नागिरीला. मी घरोघर फिरले. भागोजीबाबांच्या पडवीत मात्र लखलखाट. त्यांनी संगमेश्वराहून शंभराचा बल्ब मागवून लावला होता. का, तर गावकाराच्या घरात इतरांएवढाच उजेड कसा? पालखीचा पहिला मान त्यांचा, होळीचा पहिला नारळ त्यांचा, मग विजेत मान नको?

यंत्र लहान आहे, एकाने जास्त ओढलं की सगळ्यांचं जातं, हे मी दोन प्रकारे समजावलं. ते मान हलवत होते आणि बल्ब तसाच. शेवटी मी म्हटलं, बाबा, तार आधी तुमच्या घरात येते आणि तिथून पुढे आमच्याकडे. पहिला दिवा रोज तुमचा लागतो, मग आमचे. हा मान काय कमी आहे? त्यांनी स्वतः स्टुलावर चढून बल्ब काढला. तार खरं तर आधी सखूकडे जाते. पण ते सांगायची गरज नाही.

२३ जानेवारी १९८७

बोर्डाचा एक कारकून जीपमधून आला होता, आप्पा शेजारी. मी बालवाडीत होते. त्याने नेमकं आयेला विचारलं, आजी, वीज आली का वाडीत? आये म्हणाली, आली तर, दोन दिवे हायत, लावून दाखवू काय? आणि त्याला सगळं घर दाखवलं, झाडलेले वासे पण दाखवले. त्याने लिहून घेतलं आणि गेला.

मला कळलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. आयेवर ओरडले. ती म्हणाली, मंग काय खोटा सांगू? देवीचा उजवा कौल घेऊन आनलेली वस्तू, ती नाय म्हनून सांगू?

१९ फेब्रुवारी

पऱ्ह्या आटत चालला. गिरण बंद केली, आता नुसते दिवे, ते पण एक दिवसाआड. साहेबांनी आधीच सांगितलं होतं म्हणून कोणी कुरकुर करत नाही, पण संध्याकाळ झाली की सगळी वर राईकडे बघतात. सखू विचारत होती, शिमग्याला तरी राहील ना? मी म्हटलं, बघू.

रॉकेलचा वास आता मला सहन होत नाही. पूर्वी कसा होत होता?

६ मार्च

साहेब आज दुपारीच आले आणि खांबांवर बसून राहिले, वाडीत येईनात. मीच गेले. त्यांनी सांगितलं, हुकूम निघाला. घागरकोंडात वीज आहे, सबब इथले खांब उचलून खालच्या गावाला द्यावेत. तिथून लाइन कुठे जाते? आप्पांच्या बागेतल्या पंपाला. देवळापुढे जी भीती घालत होते, तीच त्यांनी स्वतःच्या सोयीने खरी करून घेतली. शिमगा झाला की ट्रक येणार. साहेबांचा चेहरा पोराला मारल्यासारखा झाला होता. म्हणाले, माझ्या यंत्रामुळे तुमचे खांब गेले, मी आलोच नसतो तर बरं झालं असतं.

मी त्यांच्यावरच भडकले. म्हटलं, तुम्ही आला नसता तर आम्ही अजून कोळिष्टकात बसलो असतो. रडायचं असेल तर रत्नागिरीत जाऊन रडा.

ते गेले. मग मी खांबावर बसले. उन्हाने तापला होता. वाघजाईला पटवलं, गुरवाला पटवलं, गावकाराला पटवलं. बोर्डाला कुठला कौल लावू? आमचं यंत्र वर्षातले काही महिने चालणार हे खरं. उरलेल्या महिन्यांचं काय, हे त्या कागदावर कोणी विचारलंच नाही.

१५ मार्च

होळी उभी केली.

मुंबईचे सगळे चाकरमानी आलेत. हे पण आले, या खेपेस वळकटी, स्टोव्ह, भिंतीवरचं घड्याळ सगळं घेऊन. मी विचारलं, घड्याळ कशाला? म्हणाले, तिथे चालत नव्हतं. इथे आणून लावलं तर चालतं की.

दरवर्षी बघते तसंच आज बघत होते. पुरुषांनी अख्खं झाड तोडून खांद्यावर घेतलं आणि हाकारे देत, नाचवत शेतांतून आणलं. खड्डा तयार होता. बुंधा खड्ड्याच्या तोंडाशी ठेवला. दोन बाजूंना दोर, पुढून वेळू जोडीने बांधलेल्या कातऱ्या लावून वर रेटायचं, भागोजीबाबा आवाज देणार, एका आवाजाला एक रेटा. झाड बघता बघता सरळ उभं राहिलं. इतकं मोठं झाड, आणि ना यंत्र ना ट्रक.

मी तिथेच भागोजीबाबांना गाठलं. म्हटलं, बाबा, हे जमतं तर खांब का नाही जमणार?

ते म्हणाले, होळी देवाची असते, खांब सिमेंटचा. मी म्हटलं, खांद्याला दोघांचं वजन सारखंच लागतं. बोर्डाने चार वर्षांपूर्वी खुंट्या ठोकल्यात, कुठे उभे करायचे ते त्यांनीच सांगून ठेवलंय. आपण उभे करू. मग उचलून न्या म्हणावं.

त्यांनी एकदा होळीकडे बघितलं. मग यांना हाक मारली, "महिपत, पहार हाय काय रं घरात?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता आप्पांचं नाव काढणार. नुसतंच म्हणाले, हाय.

१९ मार्च

जांभा फोडून फोडून सगळ्यांच्या तळहाताला फोड आले. पालखी दिवसा घरोघर नाचते आणि पहाटे तेच खांदे खड्डे खणतात. साहेबांना निरोप गेला होता. आले, घाबरले, म्हणाले हे बेकायदेशीर आहे, मी काही बघितलेलं नाही. मग प्रत्येक खड्ड्यात काठी घालून खोली बघत फिरले आणि दोन खड्डे पुन्हा खणायला लावले. ओळंबा पण आणला होता पिशवीतून. न बघणारा माणूस ओळंबा घेऊन येतो काय?

चाकरमानी आज परत जायचे होते. बरेचसे थांबले. यांना तर घाईच दिसत नाही. त्यांच्या साहेबाने एवढी रजा दिली कशी, विचारलं तर म्हणतात, देतो तो.

२१ मार्च

पहिला खांब उठला.

झाडासारखा तो नाचवता येत नाही. झाड वाकतं, हा वाकत नाही, एका बाजूला गेला तर माणूस खाली सापडेल. दोरीला आम्ही बायका पण लागलो. भागोजीबाबा पहिला आवाज देणार तो काशीराम गुरव देवळाकडून नारळ घेऊन आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. खांबापुढे उभा राहून त्याने स्वतःच गाऱ्हाणं घातलं, गावकाराला न विचारता. आई वाघजाई, हा तुझ्या लेकरांचा खांब, ह्याला सरळ उभा कर, आणि जो ह्याच्या आड येईल त्याला तूच बघून घे.

होय महाराजा म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं आये म्हणते.

२४ मार्च

आज ट्रक आला. मागे जीप, जीपमध्ये बोर्डाचे साहेब आणि आप्पा. एस.टी.च्या थांब्यापाशी उतरले आणि खाली बघायला लागले. खाली गवत होतं, पिवळं पडलेलं, खांबांच्या आकाराचं. मग वर बघितलं. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत ओळीने खांब उभे, गुलालाने माखलेले.

साहेब चिडले. कोणाच्या परवानगीने उभे केलेत? भागोजीबाबा, हे, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले. म्हटलं, साहेब, चार वर्षं झोपवून ठेवायला कोणाची परवानगी होती?

आप्पा म्हणाले, अगो, तुम्हाला वीज आहे ना पऱ्ह्यावरची? दुसऱ्याच्या वाट्याचं कशाला अडवता? मी शुद्ध बोलायचं ठरवून आले होते. ते राहिलं.

"आप्पानू, पऱ्ह्या सुकलाय, बगा जावन. आनि नसता सुकला तरी, आमचा आमी केला म्हनून तुमचा देना सुटला काय? आमी हात हलवले ता आमचा चुकला? ह्ये खांब आता आमी खणून काडनार नाय. तुमास काडायचे तर काडा. सगळी वाडी हितं बसून बगताव."

आणि बसलो. बायका, पोरं, म्हातारे, जो तो एकेका खांबाच्या बुडाशी. काशीराम पहिल्या खांबाला पाठ टेकून बसला. ट्रकाबरोबर आलेले मजूर इकडेतिकडे बघत राहिले. गुलाल आणि नारळ बघून एकही पहार हातात घेईना. आप्पा त्यांच्यावर खेकसले, तर त्यांच्यातला एक म्हणाला, तुमी हात लावा पयला, मग आमी. आप्पांनी लावला नाही. त्यांचं घराणं वाघजाईला दर वर्षी ओटी पाठवतं.

साहेब एकटेच पहिल्या खांबापाशी गेले. काशीरामने जागा दिली. त्यांनी खांबाला खांदा लावून रेटून बघितलं. हलला नाही. मग एक डोळा मिटून ओळ बघितली, खालून वरपर्यंत. विचारलं, खड्डे किती खोल? मी सांगितलं. कोणी सांगितलं एवढे घ्यायला? मी म्हटलं, कोणी नाही. आठल्ये साहेब मागे करवंदीच्या जाळीआड उभे होते.

बोर्डाच्या साहेबांनी जीपपाशी जाऊन बरोबर आणलेल्या वायरमनला काहीतरी सांगितलं. आप्पा मध्ये बोलायला गेले तर त्यांना हाताने थांबवलं. मला वाटलं, आता पोलीस.

वायरमन रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. पहिल्या खांबावरचा गुलाल बाहीने पुसला आणि काळ्या रंगाने मोठा आकडा काढला, एक. मग दुसऱ्याकडे गेला. मजूर रिकाम्या ट्रकात चढून बसले. साहेब जीपच्या दारात पाय ठेवून म्हणाले, नंबर पडला म्हणजे खांब बोर्डाच्या लाइनवर आला, आता तो आम्हालाही काढता येत नाही. तारेचं मी लिहितो. कधी येईल ते विचारू नका. मी म्हटलं, विचारणार. दर आठवड्याला येऊन विचारणार. ते म्हणाले, ते दिसतंच आहे.

वायरमन वाडीतून वर वर येत राहिला आणि पोरं त्याच्या मागून आकडे मोठ्याने म्हणत चालली, माझ्या बालवाडीतलीच सगळी. शेवटचा खांब आमच्या अंगणाच्या कडेला. आये पडवीतून हात आडवा धरून बघत होती. तो गेल्यावर जवळ आली, ओल्या रंगाला बोट लावलं, काळं झालेलं बोट बघितलं.

"काय लिवलान गो?" म्हणाली.

मी म्हटलं, आये, आपला नंबर घातलान.